सिरसाळ्याची टॉवेल-टोपी

बीड जिल्ह्याबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते सगळं दिगंबरकडून, आणि दिगंबर गावाच्या बाबतीत सर्रास फेकायचा. तिकडच्या ज्वारीसारखी ज्वारी कुठे पिकत नाही, तिकडची शेरडं पुण्यातल्या माणसांपेक्षा शहाणी असतात, आणि मांजरसुंब्याची रबडी खाल्ली की मेलेला माणूस उठून बसतो. वीसेक वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण तिकडे त्यानं मला एकदाही नेलं नाही. स्वतःही जाईनासा झाला. गेल्या भाद्रपदात तो गेला, आणि पौषात मी एकटाच त्याच्या गावाला निघालो.

दिगंबर म्हणजे कोण हे पुण्यात बऱ्याच लोकांना सांगावं लागत नाही. उरलेल्यांसाठी सांगतो. एका कारखान्यात स्टोअरकीपर असलेल्या ह्या माणसानं आमच्या दोन खोल्यांत दर रविवारी दुपारी समलिंगी पोरांना जमवायला सुरुवात केली. कुणी घरातून हाकललेलं, कुणाचं लग्न जबरदस्तीनं ठरवलेलं. पुढे त्याची संस्था झाली. दवाखाना झाला, घर सुटलेल्या मुलांसाठी राहायची सोय झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, टीव्हीवर मुलाखती झाल्या. मदतीचा फोन बरीच वर्षं आमच्या स्वयंपाकघरात होता आणि तो नेमका मी फोडणी टाकली की वाजायचा. चळवळ त्यानं चालवली, घर मी चालवलं. मोर्च्यात चालायचा मला मनस्वी कंटाळा आहे. मी मोर्च्याहून येणाऱ्यांसाठी खिचडी टाकणारा माणूस.

कलम तीनशे सत्याहत्तर गेलं त्या दिवशी तो संस्थेत पेढे वाटून घरी आला आणि ओट्याशी फतकल मारून बसला. मला वाटलं दमला असेल. तर म्हणाला, "विनू, आता गावाकडं जाता येईल का रे?" मी म्हटलं, जा की, कोण अडवतंय. पण तो गावाला गेला नाही.

तो गेल्यावर शोकसभा मोठी झाली. संस्थेतली पोरं माझ्या गळ्यात पडून रडली. पण ती सगळी त्याचीच पोरं, त्यांचाच बाप गेलेला. ती रडायला माझ्याकडे येत आणि मी त्यांना चहा करून देई. माझं सांत्वन करायला बाहेरचं असं कुणी उरलंच नव्हतं. दापोलीचं माझं घर केव्हाच तुटलेलं. म्हणून मी त्याच्या थोरल्या भावाच्या, भागवतदादांच्या घरी निघालो होतो. तो गेल्याचं कळवायला मीच त्यांना फोन केला होता. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. आता पुन्हा फोन केला तेव्हा त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी उचलला. "या," त्या म्हणाल्या. "हे काय म्हनतील मालूम न्हाई, पर तुमी या."

मला एवढंच बघायचं होतं, की त्याच्या घरात मला त्याचं माणूस म्हणून कुणी ओळखतं का.

पाटोदा

पाटोद्याच्या अलीकडे बसचं टायर फुटलं. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघं मिळून त्या टायरकडे अशा नजरेनं बघत उभे राहिले, की जणू ते शरमून आपण होऊन फुगेल. मी आणि आणखी चार जण एका जीपमध्ये कोंबून घेऊन पाटोद्यात उतरलो. भूक लागली होती. आठवडी बाजार भरलेला, कांद्याचे ढीग, बैलांच्या घुंगुरमाळा, लसणाच्या माळा. एका टपरीवजा खानावळीत शिरलो.

मी कोकणातला. मला जेवण म्हणजे भात, आणि भातावर नारळाचं काहीतरी. इथे ताटात ज्वारीची भाकरी आली, शेजारी काळपट आमटी. येसराची आमटी, असं वाढणाऱ्या बाईंनी सांगितलं. धान्य आणि मसाला भाजून दळून ठेवतात, आणि आमटीत घालतात. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कावून वो?" बाई म्हणाल्या. "तिखट झालं का?"

तिखट होतंच, पण ते कारण नव्हतं. 'का'ऐवजीचा हा 'कावून' मी भाद्रपदापासून ऐकला नव्हता. दिगंबर टीव्हीवर अगदी छापील मराठी बोलायचा, पण डोकं तापलं की त्याच्या तोंडून बीड बाहेर पडायचं. सुरुवातीच्या दिवसांत बागेतून पोलीस पोरांना उचलून न्यायचे. तेव्हा हा चौकीत शिरून टेबलावर हात ठेवून विचारायचा, "कावून धरलंय ह्याला?" हवालदार आधी त्या शब्दालाच गोंधळायचे. तेवढ्यात हा पोराला हाताला धरून उभा करायचा. संस्थेतली नगरची, नाशिकची, कोल्हापूरची पोरं पुढे सगळी 'कावून' म्हणायला लागली.

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. बाईंनी वरून मला दही दिलं आणि डोळ्यांतल्या पाण्याचं पुन्हा विचारलं नाही.

तेलगाव

मांजरसुंब्याला रबडी खाल्ली. चांगली होती. मेलेला माणूस काही उठून बसला नाही. मी दुसरी वाटी त्याच्या नावानं मागवली आणि तीही मीच संपवली, कारण तो असता तरी त्यानं ती मलाच संपवायला लावली असती.

बीडहून पुढे वडवणी आणि मग तेलगाव. इथून पुढे रस्त्यावर उसाचं राज्य. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांवर गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येऊ नये. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस चिकटलेला, गाड्यांतून उडालेला. पुढच्या गाडीची वाट बघत मी स्टँडच्या बाकावर बसलो. शेजारी दोन माणसं बोलत होती.

"काल कुठं गेलतास बे?"

"कुठं जातो. रानातच होतो."

"मग फोन कावून उचलला न्हाई?"

"उचलून काय करू, तू पैसेच मागनार."

एवढंच. पण मी डोळे मिटून ऐकत राहिलो. सूर दिगंबरचा होता, शब्दाच्या शेवटी थोडं ओढून सोडून द्यायची लकब त्याची होती. पुण्यातून जो आवाज कायमचा गेला तो इथे उघड्यावर पडला होता, कुणीही उचलून वापरत होतं. मला त्या दोघांचा हेवा वाटला आणि रागही आला. हे रोज असं बोलतात, आणि ह्यांना त्याचं काहीच नाही. माझी गाडी लागली तेव्हा त्यांचं अजून चाललेलं होतं. मी ती गाडी सोडली आणि पुढचीनं गेलो.

सिरसाळा

सिरसाळ्यात मुक्कामाला लॉज मिळाली. सकाळी बाजारात निघालो, कारण कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं. मिठाई न्यावी तर मयताचं घर. म्हणून कापडाच्या दुकानात शिरलो. गादीवर बसलेल्या दुकानदारानं विचारलं, "लग्नाचं का दुखवट्याचं?"

"दुखवट्याचं," मी म्हटलं. "घरात माणूस गेलंय, त्यांच्याकडे जायचंय."

"भावकी का सोयरे?"

आता ह्याला काय सांगायचं? रक्ताचं नातं नाही, तेव्हा भावकी तर मी नव्हतो. तिसरा काही पर्याय त्यानं दिला नव्हता. "सोयरे म्हणा," मी म्हटलं.

त्यानं लगेच एक पांढरा टॉवेल, एक पांढरी टोपी, एक साधं लुगडं आणि खण पिशवीत भरलं. मला वाटलं, इथली भेट द्यायची पद्धत असेल. आमच्या दापोलीकडेही असं काही असेल, पण मी घर इतक्या लवकर सोडलं की रीतभात कळायचं वय तिथे काढलंच नाही. पिशवी घेऊन मी टमटममध्ये बसलो.

वस्तीवर

दिगंबरच्या गावाच्या अलीकडे रानातच त्यांची वस्ती. वर पत्रे, समोर शेणानं सारवलेलं अंगण, कडेला काट्यांच्या कुंपणात मेंढरं. ज्वारी हुरड्यात आलेली, कापसाची शेवटची वेचणी चाललेली. भागवतदादा बाजेवर बसले होते. कपाळ तेच, कानांच्या पाळ्या त्याच. मला इतका धक्का बसला की मी नमस्कार करायचं विसरलो.

"बसा साहेब," ते म्हणाले. त्यांनी प्रवासाचं विचारलं, पाऊसपाण्याचं सांगितलं. दिगंबरचं नाव नाही. सरूबाईंनी तांब्या दिला. मी पिशवी पुढे केली.

सरूबाईंनी ती उघडली, आतलं बघितलं, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग टॉवेल आणि टोपी बाजेवर नवऱ्याशेजारी ठेवली.

"हे आनायला कुनी सांगितलं तुमाला?" भागवतदादांनी विचारलं.

"दुकानदारानं बांधून दिलं."

"त्यानं विचारलं आसंल, भावकी का सोयरे. काय म्हनलात?"

"सोयरे म्हटलं."

ते उठले. टोपीला हात न लावता पायांत वहाणा सरकवून रानाकडे चालायला लागले. माझं काहीतरी भयंकर चुकलं होतं आणि काय ते मला कळत नव्हतं. सरूबाई माझ्यासमोर उंबऱ्यात बसल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं.

माणूस गेलं की त्याच्या घरचे, भावकीतले, सगळेच दुखवट्यात. त्यांनी गोड खायचं नाही, नवं नेसायचं नाही, कुणाच्या लग्नाला जायचं नाही. भावकी एकमेकांचा दुखवटा काढू शकत नाही, कारण तेही त्यातलेच. तो सोयऱ्यांनी येऊन काढायचा. नवा टॉवेल, नवी टोपी करायची, चारचौघांसमोर, आणि तोंडात गूळ घालायचा. मग माणूस पुन्हा लोकांत येतो.

"आन् त्यांनी ही टोपी घेतली," त्या म्हणाल्या, "तर तुमी सोयरे झालात. दिगूकडचे."

मी म्हटलं, मी पिशवी परत घेऊन जातो, मला ठाऊक नव्हतं.

"थांबा. ह्यांचा दुखवटा कुनी काढलाच न्हाई. दिगू गेल्याचं ह्यांनी गावात कुनाला सांगितलंच न्हाई. मग सोयरे येनार कसे? पर घरात ह्यांनी पाळलंय. दिवाळीला गोडाचा कन खाल्ला न्हाई. भाचीच्या लग्नाला न्हाई गेले. लोकं इचारतात, हे सांगतात, पोट बरं न्हाई."

असं म्हणून त्यांनी भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि रानाकडे बोट केलं.

भागवतदादा ज्वारीच्या कडेला बांधावर बसले होते. मी भाकरी मध्ये ठेवली. ते मेंढरांकडे बघत होते.

"तुमचा फोन आला तवा मी बाजारात मेंढरं घेऊन उभा होतो," ते म्हणाले. "बरं म्हनलं. चारचौघांत आनखी काय म्हनावं? मग आलो आन् हितंच बसलो."



"मी सरपंचकीला उभा होतो तवा ह्याची टीव्हीवरची मुलाखत लोकांनी पारावर लावली. हसत होते. मी पडलो. त्याला फोन करून म्हनलं, आता हिकडं येऊ नको. रागात म्हनलं वो. भाऊ भावाला म्हनतो. मी वाट बगत होतो, हा भांडायला येईल म्हनून." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "पोलिसाशी भांडला, कोर्टात भांडला. सगळ्या दुनियेशी भांडला. माज्याशीच कावून न्हाई भांडला?"

चौकीत टेबलावर हात ठेवणारा माणूस एक बस पकडून इथे येऊ शकला नाही, हे मीही बघितलं होतं. दर दिवाळीला तो गाडीची वेळ विचारून यायचा आणि मग संस्थेत काहीतरी काम काढायचा.

"शेवटाला आमचं नाव काढलं का त्यानं?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि हो म्हणायला माझी जीभ उचललीही होती. पण तो मनुष्य माझ्याकडे दिगंबरच्या कपाळाखालून बघत होता.

"नाव नाही काढलं," मी म्हटलं. "शेवटचे दिवस त्याला माणसं ओळखू येत नव्हती. पण जीभ टाळूला लावून तो एक आवाज काढायचा. हिर्रर्र, हेऽ हेऽ, असा. सारखा. नर्सला वाटलं श्वास अडकतोय. ती डॉक्टरांना बोलवायला धावली."

भागवतदादांनी मान वळवली. मग समोर बघत त्यांनी तोच आवाज काढला, अगदी हळू. लांबवर पांगलेली मेंढरं थबकली आणि आमच्याकडे यायला लागली.

"बानं शिकवलता आमाला," ते म्हणाले. "सांज झाली, आता माघारी या, आसा त्याचा अर्थ."

मी तोंड झाकून घेतलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ही त्यांची मोठी मेहरबानी. मेंढरं आमच्याभोवती येऊन दाटली, आणि एकीनं सावकाश फडक्यातली भाकरी ओढली. ती दोघांपैकी कुणीही सोडवली नाही.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मला त्यांच्या पंगतीला घेतलं, पण टोपी बाजेवर तशीच होती.

सकाळी उठून बघतो तर अंगणात घोंगड्या अंथरलेल्या आणि भावकीतली पाचसात माणसं बसलेली. भागवतदादांनी पहाटेच निरोप पाठवले होते. कशासाठी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांत वयस्कर असलेले चुलते मला निरखत होते. "पावनं कुठलं म्हनायचं?"

भागवतदादा उभे राहिले. "आपला दिगू गेला," ते म्हणाले.

"कवा?"

"भादव्यात."

"आन् आता सांगतोस बे?" चुलते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "माज्या अंगाखांद्यावर खेळलेलं पोरगं. आता सांगतोस?"

"चुकलं," भागवतदादा म्हणाले. मग माझ्याकडे हात केला. "आन् हे दिगूच्या घरचे. दुखवटा काढायला आलेत."

मग कडेला बसलेला एक जण उठला, धोतर झटकलं, आणि पायवाटेनं निघून गेला. भागवतदादा त्याला जाताना बघत राहिले. मला वाटलं, आता ते खाली बसतील आणि विषय बदलतील. ते खाली बसले, आणि डोक्यावरची जुनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोकं पुढे केलं.

मी घातलेला टॉवेल दोनदा त्यांच्या खांद्यावरून घसरला. चुलत्यांनी तो धरला. टोपी मी ठेवली. सरूबाईंनी पुढे केलेला गुळाचा खडा मी भागवतदादांच्या तोंडात घातला. मला वाटलं झालं. मी मागे सरायला लागलो, तर चुलत्यांनी विचारलं, "आन् ह्यांचा कुनी काढला?"

भागवतदादांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुमचा कुनी काढला?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मग तुमच्या हिशोबानं सोयरे आमीच की," ते म्हणाले, आणि आत गेले. पत्र्याच्या ट्रंकेचा आवाज आला. दिवाळीला घेतलेले कपडे घडी न मोडता पडून होते. त्यांतला टॉवेल आणि टोपी घेऊन ते आले. टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर नीट बसवली, एका हातानं माझी हनुवटी वर केली आणि गूळ तोंडात घातला.

"मोकळे झालात," ते म्हणाले. "आता गोडधोड खायाचं. लग्नाकार्याला जायाचं. लोकांत बसायचं."

भाद्रपदापासून मी ह्याच एका गोष्टीसाठी झुरत होतो, की माझं माणूस गेलं हे कुणीतरी चारचौघांत मानावं. त्यांनी मानलं, आणि त्याच घासाला मला मोकळंही करून टाकलं. मला मोकळं व्हायचं नव्हतं. हे संपलं तर त्याचं माझ्याकडे उरणार काय?

माणसं उठून चहाला सरकली. "दादा," मी हळूच म्हटलं, "आणखी थोडे दिवस राहू दिलं असतं तर?"

"मला बी तसंच वाटतंय," ते म्हणाले.

आणि आम्ही दोघं नव्या टोप्या डोक्यावर घेऊन, गूळ न गिळता, तसेच बसून राहिलो.